साखरपुडा ते अक्षता : लग्नाच्या खर्चाबद्दल बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

सुपारी फुटली, साखरपुडा झाला, तारीख अजून सहा ते दहा महिने लांब आहे, अशा घरांतून येणारे हे प्रश्न आहेत. काही नवऱ्या मुलांचे आहेत, काही नवऱ्या मुलींचे आणि बरेचसे त्यांच्या बापांचे. रकमा उदाहरणादाखल दिल्या आहेत, आपापले आकडे घालून हिशेब करावा.

साखरपुडा झाला. पैशाच्या बाबतीत पहिलं काम कोणतं?

माणसं मोजणं. कार्यालय बघायला जाऊ नका, सराफाकडेही नको. आधी एक वही घ्या आणि चार पानं करा: भावकी, सोयरे, गाव किंवा गल्ली, आणि नोकरी-धंद्यातले व मित्र. प्रत्येक नावापुढे 'चूलबंद' (सगळं घर जेवायला) की 'घरटी एक' ते लिहा. या दोन शब्दांत शंभर घरांच्या गावात तीनशे ताटांचा फरक पडतो. कार्यालय केवढं, आचारी कोणता, गाड्या किती, पत्रिका किती, आहेराची लुगडी-टोप्या किती, हे सगळे आकडे याच वहीतून निघतात. पुष्कळ घरांत उलटं होतं. मोठं कार्यालय मोकळं मिळालं म्हणून ते ठरवतात आणि मग ते भरायला माणसं बोलावतात.

याद लिहायची का? सोयऱ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल.

लिहायचीच. आपल्याकडे याद, म्हणजे लग्नात काय कुणी करायचं ते ठरवून लिहिलेला कागद, करायची पद्धत पूर्वीपासून आहे, फक्त अलीकडे ती 'अक्षता कुणाच्या दारात आणि मानाच्या साड्या किती' एवढ्यावरच थांबते. जेवणाचा खर्च कुणाचा, कार्यालयाचं भाडं निम्मं की एकाकडे, भटजी, वाजंत्री, फोटो-व्हिडिओ, वऱ्हाडाची गाडी, आदल्या रात्रीच्या पाहुण्यांचा चहा-नाष्टा, लग्नानंतरचा जागर-गोंधळ आणि हळद उतरल्यावरचं मटणाचं जेवण, यातलं एकेक कुणाच्या नावावर हे लिहून दोन्हीकडे एकेक प्रत ठेवा. भांडणं सोन्यावरून कमी आणि आदल्या रात्रीच्या नाष्ट्यावरून जास्त होतात. सोन्याचं बोललेलं असतं, नाष्ट्याचं कुणीच बोललेलं नसतं.

यादीला दोन्हीकडचा एकेक जबाबदार माणूस बसवा. मामा किंवा थोरले चुलते चालतील. नवरा-नवरीही तिथे बसलेली असावीत. त्यांच्याच पगारातून खर्च होणार असेल तर त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेवण्यात काय अर्थ?

मुलाकडचे म्हणतात, 'हुंडा नको, फक्त लग्न चांगलं करून द्या.' याचा खर्चात अर्थ काय धरायचा?

लगेच विचारायचं: 'चांगलं म्हणजे किती माणसांचं?' आकडा आला की पुढे बोलता येतं. आकडा न देता 'तुमच्या इच्छेप्रमाणे' असं उत्तर आलं, तर आपल्या ऐपतीचा आकडा आपणच यादीत लिहायचा आणि वाचून दाखवायचा.

'पोरीला काय घालायचं ते घाला' हे वाक्य मात्र साधं समजू नका. लग्नाच्या संबंधात मागून घेतलेलं सोनं, गाडी, रोकड हे सगळं १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात येतं. देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत, त्यांना किमान पाच वर्षांची शिक्षा सांगितली आहे, आणि नुसती मागणी हाही वेगळा गुन्हा आहे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीला धरून दिलेल्या भेटवस्तूंना सूट आहे. त्यांची यादी करून ठेवावी असा १९८५ चा नियम आहे. वस्तू, अंदाजे किंमत, कुणी दिली, त्याचं नातं आणि नवरा-नवरीच्या सह्या, एवढं एका कागदावर लिहायला अर्धा तास पुरतो. आपल्याकडे ही यादी कुणी करत नाही. करावी.

दर महिन्याला किती बाजूला टाकायचे?

गणित सरळ आहे, मान्य करणं अवघड आहे. समजा उद्यमबागेतल्या कारखान्यात एकाला हातात २४,००० रुपये मिळतात. यादीप्रमाणे त्याच्या बाजूचा खर्च ४,००,००० आहे, शिल्लक १,२०,००० आहे, लग्न नऊ महिन्यांवर आहे. उरले २,८०,०००, म्हणजे महिन्याला ३१,००० हून जास्त. पगारच तेवढा नाही. घरात देऊन, पेट्रोल-मोबाईल सोडून तो महिन्याला फार तर १२,००० टाकू शकेल. नऊ महिन्यांत १,०८,००० होतात. तूट १,७२,००० ची.

ही तूट साखरपुड्याच्या आठवड्यात कळली तर तिच्यावर उपाय आहेत. माणसं कमी करता येतात, तारीख पुढच्या हंगामात ढकलता येते, फोटोवाल्याचं पॅकेज लहान करता येतं, सोनं थोडं थांबतं. हळदीच्या आदल्या आठवड्यात कळली तर एकच उपाय उरतो, तो म्हणजे उसनवारी.

शेतकरी घरात महिन्याचा हिशेब चालत नाही. ऊस गेल्यावर कारखान्याचं बिल कधी येईल, तंबाखूचा दर काय लागेल, काजूचा मोहर टिकेल का, यावर सगळं अवलंबून असतं. अशा घरांनी न आलेल्या बिलावर इसार देऊ नये. हातात आलेल्या पिकाच्या पैशातून आधी कार्यालय आणि आचारी भागवावेत.

आईला मिळणारे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये काही घरं लग्नासाठी साठवतात. चांगलं आहे, पण त्या हप्त्याची तारीख आपल्या हातात नसते. तो वरखर्चाला धरावा, कार्यालयाच्या हप्त्याला धरू नये.

साठवलेले पैसे ठेवायचे कुठे? सौहार्द सोसायटी बँकेपेक्षा जास्त व्याज देते.

वरच्याच मुलाचे महिन्याला १२,००० घ्या. नऊ महिन्यांच्या आरडीवर (दरमहा हप्त्याच्या ठेवीवर) साडेसहा टक्क्यांनी साधारण २,९०० रुपये व्याज होतं. साडेआठ टक्के धरले तर ३,८०० च्या आसपास. सगळा फरक नऊशे रुपयांचा! एवढ्या थोड्या काळात व्याजाचा दर बघण्यात अर्थ नाही. ठरल्या दिवशी पूर्ण रक्कम हातात पडेल का, हे बघायचं.

बँकेतल्या ठेवीला, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. सौहार्द सहकारी (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था), पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटी यांना हा विमा लागू नाही. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं असतं, आत काउंटर आणि पासबुक असतं, म्हणून माणसाला ती बँकच वाटते. बेळगावात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि त्यातल्या कित्येक नीट चालतातही. पण मे महिन्यात लग्न आणि मार्चअखेरीस संस्थेकडे रोकड कमी, असं झालं तर पासबुक घेऊन आचाऱ्याकडे जाता येत नाही.

पोस्टाची आरडी सुरक्षित आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. वर्षभरातल्या लग्नाला तिचा उपयोग नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडाचं या पैशासाठी नावही काढू नका.

आणि पिग्मी? भिशी?

दुकानदार आणि रोजच्या कमाईच्या माणसाला पिग्मीसारखी सोय नाही. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, ती सुरू केली आणि कर्नाटकभर ती मुरली. दारात माणूस येतो, शंभर-दोनशे घेऊन जातो. मुदतीआधी काढल्यास व्याज किती कापणार आणि भरलेल्या रकमेची नोंद मोबाईलवर येते का, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. वरचा विम्याचा प्रश्न इथेही लागू आहे. पिग्मी बँकेची आहे की सोसायटीची, ते बघा.

भिशी ओळखीवर चालते. लग्नाआधीच्या महिन्यातली भिशी आपल्याला मिळेल असं नक्की ठरलेलं असेल तर ती कामाला येते. पण आपण आधी उचलली तर लग्नानंतरही हप्ते चालू राहतात आणि ते आता दोघांच्या संसारातून जातात. ही गोष्ट होणाऱ्या बायकोला आधी सांगा. चिठ्ठीने लिलाव करणाऱ्या मोठ्या चिट फंडांना १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर लांब राहावं.

सोनं आत्ता घ्यावं की लग्नाच्या तोंडावर?

सोन्याचा दर वर्षभरानंतर काय असेल ते शहापुरातला सराफ सांगू शकत नाही आणि कोल्हापूरच्या गुजरीतलाही नाही. म्हणून यादीत सोनं रुपयांत लिहू नका, ग्रॅममध्येही लिहू नका, दागिन्याच्या नावाने लिहा: डोरलं, बोरमाळ, कानातलं. मग दर वाढला तर बोरमाळेचं वजन कमी करता येतं आणि कुणाचा शब्दही मोडत नाही. तोळ्याचा हट्ट यादीत शिरला की दरवाढीचा सगळा भार एकाच घरावर पडतो.

घ्यायचंच आहे तर पैसे येतील तसं टप्प्याटप्प्याने घ्यावं. नाणं किंवा वेढणी (साधी अंगठी) घेऊन ठेवली तर मजुरी कमी जाते आणि नंतर तेच सोनं दागिन्यात घालता येतं. फक्त वितळवताना घट किती धरणार ते आधी ठरवा. हॉलमार्क बघताना २२ कॅरेटचा ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, दोन्ही हवेत. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो दुकानातच टाकून बघता येतो. सराफाला राग आला तर येऊ दे. खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का, तेही बिलात पाहा.

सराफांच्या अकरा महिन्यांच्या योजना बेळगावात जोरात चालतात. त्या अकरा महिन्यांच्याच का असतात? माल देण्यापोटी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत भागवावी लागते, नाहीतर ती ठेव ठरते, म्हणून. या पैशाला ठेव विमा नाही, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी दागिनाच घ्यावा लागतो, रोकड परत मिळत नाही. सवलत मजुरीवर असेल तर मजुरीचा मूळ दर किती चढवलाय ते बघा.

कोल्हापुरात कर कमी लागतो म्हणून सोनं तिकडून आणतात, खरं का?

नाही. दागिन्यावर जीएसटी दोन्ही राज्यांत ३ टक्केच आहे. फरक पडतो तो मजुरीत आणि नक्षीत. कोल्हापुरी साज, ठुशी हवी असेल तर जरूर जावं, पण कर वाचवायला नको. दोन लाखांपुढच्या खरेदीला पॅन दोन्हीकडे लागतंच.

बस्ता कुठे बांधायचा?

खडेबाजार, शहापूर, वडगाव सोडून लांब जायचं तर गाडीभाडं आणि दहा माणसांचं जेवण साडीच्या किमतीत मिळवून बघा. मानाच्या साड्या वडगाव-शहापूरच्या मागावरून घाऊक घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि घेणाऱ्या बाईला नेसवतही येतात. नाहीतर मानाची साडी वर्षानुवर्षं एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरते. नवरदेवाच्या शेरवानीबद्दल एक: सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपेक्षा महाग तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. एका दिवसासाठी भाड्याने मिळते, भाड्यानेच घ्या.

बस्त्याला माणसं कमी न्या. खर्च माणसागणिक वाढतो, हे तिथेही खरं आहे.

कार्यालय की दारात मांडव?

गावात दारात मांडव अजून स्वस्त पडतो असं वाटतं, पण मांडव, भांडी, खुर्च्या, जनरेटर, पाण्याचा टँकर आणि वाढपी हे सगळं मिळवून मग तुलना करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळीव कधी येईल सांगता येत नाही. कापडी मांडवात चारशे माणसं जेवायला बसलेली असताना आलेला वळीव फार महाग पडतो. जूननंतर खानापूर तालुक्यात उघड्यावरच्या मांडवाचा विचारच नको.

कार्यालयवाल्याला दर करासह की कर वगळून हे विचारा. भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो बिलाच्या शेवटी उगवतो. विजेचं मीटर वेगळं का, सफाईचे वेगळे का, आदल्या दिवशी दुपारी ताबा की संध्याकाळी, बाहेरचा आचारी चालतो का, हे पावतीवरच लिहून घ्या. तारीख बदलली तर इसाराचं काय, हेही.

तारखेचा भाव मोठा असतो. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त आणि मे महिना सगळ्यांना हवा असतो. अधिक मास आला की गर्दी आणखी एका जागी होते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा दाटला. आडवारी लग्न केलं तर भाडं उतरतं आणि नोकरदार पाहुणे आपोआप कमी होतात. हे दुसरं कुणाला सांगू नका.

रोखीत सगळं भागवलं तर चालतं का?

एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारता येत नाही. आज एक लाख, पंधरा दिवसांनी सव्वा लाख असे तुकडे केले तरी लग्न एकच आहे, म्हणून ते एकत्रच धरतात. दंड घेणाऱ्याला त्या रकमेएवढा होतो. बँकेतून किंवा यूपीआयने द्या, हिशेब आपोआप राहतो.

जेवणात काटकसर कुठे करावी?

पदार्थांच्या संख्येत. भात, आमटी, वांग्याची भाजी, हुग्गी (गव्हाची खीर) किंवा बुंदी, मठ्ठा एवढ्यावर आपल्याकडे माणूस तृप्त होऊन जातो. पनीर, नूडल्स आणि चाटच्या टेबलांवर जाणारे पैसे फोटोत दिसतात, पोटात दिसत नाहीत. दर ताटावर ठरवला असेल तर ताटं कोण मोजणार ते आधी ठरवा आणि आपला एक माणूस तिथे उभा करा. सामान आपण द्यायचं असेल तर रविवार पेठेतून एकदम भरा.

डॉल्बी लावायचा का?

नाही. रात्री दहानंतर तो तसाही बंद करावा लागतो. झांज किंवा बँजोवाल्यांना घ्या.

वऱ्हाड सीमेपलीकडे जाणार आहे. गाडीचं काय?

नवरी चंदगड-गडहिंग्लजची आणि अक्षता बेळगावात, किंवा उलट, हे आपल्याकडे रोजचंच आहे. खासगी बस ठरवताना अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का ते विचारा. नसेल तर तात्पुरता परवाना कोण काढणार आणि पैसे कुणाचे हे ठरवा. नाहीतर तपासणी नाक्यावर वऱ्हाड उभं राहतं आणि मुहूर्त टळतो. वायव्य कर्नाटक परिवहनची बसही भाड्याने मिळते. पांढऱ्या पाटीच्या ओळखीच्या गाड्या आणि मालवाहू टेम्पो टाळा. टेम्पोत बसलेल्या माणसांना अपघातात विमा मिळायची मारामार होते.

'शक्ती योजनेत बायका फुकट जातील' असा हिशेब काही जण मांडतात. ती सवलत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसलाच आहे, भाड्याने घेतलेल्या बसला नाही. महाराष्ट्रातलं एसटीचं अर्धं तिकीटही त्या राज्यापुरतंच आहे.

हळदीच्या रात्रीसाठी गोव्याहून माल आणायचा बेत असेल तर सोडून द्या. परवान्याशिवाय ती वाहतूक गुन्हा आहे, कणकुंबीच्या नाक्यावर गाडी अडकते, आणि लग्नघरचा माणूस पोलीस ठाण्यात बसलेला कुणालाच परवडत नाही.

थोडं कर्ज काढलं तर बिघडलं कुठे?

कशासाठी काढताय यावर आहे. ताटाला पैसे कमी पडत असतील तर ताटं कमी करा. मानपानासाठी कर्ज काढूच नका. अगदी अडलंच तर घरातलं जुनं सोनं बँकेत तारण ठेवणं हे वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. पण नवरीच्या अंगावर घातलेलं सोनं महिन्याभरात तारणाला जाणार असेल, तर ते घालू नका.

गटाच्या 'फायनान्स'चं कर्ज आईच्या नावावर काढून लेकाचं लग्न करण्याची पद्धत वाढली आहे. आठवड्याचे हप्ते, दोन-तीन कंपन्यांकडून एकाच वेळी उचल, आणि वसुलीला दारात माणसं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असं सूक्ष्म कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीच्या जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदाही आणला. पण हप्ता तरी द्यावाच लागतो, आणि तो आईच्या मजुरीतून जातो.

आहेरातून किती येतील असं धरावं?

शून्य. आलेल्या आहेराची वही ठेवा, कारण ते परत फेडायचे असतात. लग्नात नवरा-नवरीला मिळालेल्या भेटीवर आयकर नाही, ती कुणाकडूनही आलेली असो. आईवडिलांच्या नावाने आलेल्या रकमेला मात्र ही सूट नाही. मामाला दोन लाख द्यायचे असतील तर चेकने द्यावेत, वरचा रोखीचा नियम आहेरालाही आहे.

आम्ही दोघांनी आत्ताच जोडखातं काढावं का?

लग्नानंतर काढा. आत्ता ज्याचं खातं त्याच्या नावावर आणि हिशेबाची वही दोघांना दिसेल अशी. एकमेकांचा पगार, चालू हप्ते, भावाच्या शिक्षणाला द्यायचे पैसे, घरावरचं कर्ज हे साखरपुड्यानंतर बोलायला लाजू नका. गडंगनेरांत रोज एकेका घरी जेवायला जाता, त्यातली एक संध्याकाळ याला द्या.

ठरलेलं मोडलं तर?

इसाराच्या पावत्या ज्याने पैसे दिले त्याच्याच नावावर असाव्यात. साखरपुड्यात घातलेला दागिना कुणी कुणाला परत द्यायचा हे थोरल्यांसमोर लिहून मिटवा. दोन्ही घरं पुन्हा एकाच बाजारात भेटणार असतात.

नोंदणीचा खर्च धरायचा का?

सब-रजिस्ट्रार ऑफिसातली फी किरकोळ असते, एजंटचे पैसे जास्त होतात. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, अक्षतांच्या वेळचा फोटो आणि साक्षीदार एवढं जमवून आपणच जावं. नावाचं स्पेलिंग आधार आणि पत्रिकेत एकच ठेवा. सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवताना किंवा माहेरच्या राज्यातले कागद इकडे दाखवताना त्यावरूनच हेलपाटे पडतात. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते, तेव्हा अर्ज तेवढा आधी द्यावा. आणि घरात कुणी नोंदणी केलेला बांधकाम कामगार असेल तर कामगार कल्याण मंडळाकडून लग्नासाठी अर्थसहाय्य मिळतं. कार्ड चालू आहे का ते साखरपुड्यानंतर लगेच बघून घ्या, बंद पडलेल्या कार्डावर अर्ज घेत नाहीत.